स्पॅम अडला, पण कामाचा मेल पोचला का?

स्वतःच्या डोमेनवर ईमेल चालवणाऱ्या व्यापारी, उद्योजक आणि संस्थांनी फिल्टरच्या पुढची वाट तपासायलाच हवी

इंदूर (प्रतिनिधी) : "कोटेशन सोमवारीच मेल केलं होतं, तुमचं उत्तर नाही म्हणून ऑर्डर दुसऱ्याला दिली." सियागंजातली घाऊक पेढी असो, पिथमपूरचा सुटे भाग बनवणारा कारखाना असो की बुऱ्हाणपूर-रावेर पट्ट्यातला केळीचा व्यापारी, असं वाक्य एकदा तरी कानावर येतंच. मग कंप्युटरवाल्याला फोन जातो. तो इनबॉक्स पाहतो, स्पॅम फोल्डर पाहतो आणि म्हणतो, "इथे तर काहीच नाही." शेवटी दोष दिला जातो स्पॅम फिल्टरला.

बऱ्याच वेळा फिल्टरने आपलं काम चोख केलेलं असतं. मेल तपासला, चांगला ठरवला आणि पुढे पाठवला. पण "पुढे" म्हणजे नेमकं कुठे, हे नीट ठरवलेलंच नसतं. कुठे पत्ता जुना असतो, कुठे आतला सर्व्हर त्या मेलला परत चोर समजतो, तर कुठे मेल अशा क्वारंटाइनमध्ये पडून राहतो की ज्याचा पासवर्ड ऑफिसात कुणालाच माहीत नाही.

कंपनीच्या नावाचं डोमेन आता छोट्या पेढ्याही घेतात. वर्षाला हजार-बाराशे रुपयांच्या आसपास खर्च येतो आणि कार्डावर पत्ता शोभून दिसतो. पण त्याच पत्त्यावर जीएसटीची नोटीस येते, बँकेचं पत्र येतं, टेंडरचा निकाल येतो. म्हणून हा विषय एकट्या कंप्युटरवाल्यावर सोडून चालणार नाही. मालकाला आणि हिशेबनिसालाही त्याची मोटामोटी माहिती हवी.

आधी समजून घेऊ : मेल येतो कसा?

ईमेल एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर नेण्याची पद्धत १९८२ साली ठरली. तिला एसएमटीपी म्हणतात. चाळीस वर्षांत तिच्यात भर पडत गेली, पण पाया तोच आहे.

कुणी तुमच्या कंपनीच्या पत्त्यावर मेल पाठवला की त्याचा सर्व्हर आधी विचारतो, "या डोमेनची टपाल कोण घेतो?" उत्तर डोमेनच्या नोंदींमध्ये असतं. त्या नोंदीला एमएक्स रेकॉर्ड म्हणतात. एका डोमेनला असे दोन-तीन रेकॉर्ड असू शकतात आणि प्रत्येकाला एक आकडा दिलेला असतो. ज्याचा आकडा लहान त्याच्याकडे आधी जायचं. तो बंद असला तर पुढच्याकडे.

तुम्ही बाहेरची फिल्टर सेवा घेता तेव्हा हाच रेकॉर्ड बदलला जातो. आता जगातला प्रत्येक मेल आधी फिल्टरच्या दारात जातो. तिथे तपासणी होते आणि चांगला ठरलेला मेल फिल्टर तुमच्या खऱ्या सर्व्हरकडे पाठवतो. थोडक्यात प्रवासाचे दोन टप्पे झाले : पाठवणाऱ्यापासून फिल्टरपर्यंत आणि फिल्टरपासून तुमच्या मेलबॉक्सपर्यंत. पहिल्या टप्प्याची काळजी सगळे घेतात. गडबड होते ती दुसऱ्यात.

फिल्टर ठरवतो कसं?

नको असलेल्या जाहिरातीचा मेल ही काही आजची पीडा नाही. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतल्या एका कंप्युटर कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकाच वेळी जाहिरात पाठवली. ती पहिली स्पॅम मानली जाते. तेव्हा इंटरनेट हे नावही सामान्य माणसाला माहीत नव्हतं. भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि स्पॅमही मागोमाग आलीच.

सुरुवातीचे फिल्टर ठरावीक शब्द शोधायचे. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी संभाव्यतेच्या गणिताने स्पॅम ओळखण्याची कल्पना मांडणारा लेख लिहिला आणि ती पद्धत झपाट्याने पसरली. आजचे फिल्टर बऱ्याच कसोट्या लावून गुण देतात. पाठवणाऱ्या सर्व्हरची पत कशी आहे, नाव खरं आहे का, लिंक कुठे जाते, जोडलेली फाईल कसली आहे. स्पॅमअसॅसिन या मोफत मिळणाऱ्या आणि होस्टिंगवाल्यांकडे सर्रास दिसणाऱ्या फिल्टरमध्ये मूळ सेटिंगनुसार ५ किंवा जास्त गुण मिळाले की मेल स्पॅम ठरतो. हा आकडा कमी-जास्त करता येतो.

इंदूरकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छ सर्वेक्षणात शहर वर राहिलं, ते नुसता कचरा उचलून नव्हे. ओला-सुका घरातच वेगळा होतो, गाडीत वेगवेगळ्या कप्प्यांत पडतो, ट्रान्सफर स्टेशनवर जातो आणि तिथून देवगुराडियाला. तिथे ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा दिवसाला ५५० टन क्षमतेचा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. घरात कितीही नीट वेगळं केलं आणि पुढची गाडीच चुकीच्या जागी गेली, तर सगळी मेहनत वाया. मेलचंही असंच आहे. वेगळं करणं हे अर्धं काम, प्रत्येक गोष्ट ठरल्या जागी नेऊन टाकणं हे उरलेलं अर्धं.

फिल्टरनंतर वाट कुठे चुकते?

फिल्टरच्या सेटिंगमध्ये "चांगला मेल इथे द्या" असा एक रकाना असतो. त्यात तुमच्या खऱ्या मेल सर्व्हरचं नाव किंवा आयपी पत्ता भरायचा असतो आणि सोबत पोर्ट क्रमांक, जो साधारणपणे २५ असतो. दिसायला एका ओळीचं काम. पण पुढच्या सहा जागा नेमक्या याच ओळीच्या आजूबाजूच्या आहेत.

१. मेल फेऱ्यात अडकतो. त्या रकान्यात खऱ्या सर्व्हरचा पत्ता न देता "डोमेनच्या एमएक्सप्रमाणे पाठवा" असं ठेवलं तर काय होईल? एमएक्स तर आता फिल्टरचंच नाव सांगतो. म्हणजे फिल्टर मेल स्वतःलाच पाठवत राहतो. वीस-पंचवीस किंवा जास्त फेऱ्या झाल्या की व्यवस्था हात टेकते आणि पाठवणाऱ्याला मेल परत जातो. उपाय सोपा आहे. दुसऱ्या टप्प्यासाठी सर्व्हरचं वेगळं, कायमचं नाव ठेवायचं आणि रकान्यात तेच भरायचं.

२. मागचं दार उघडं राहतं. फिल्टर लावला, पण जुना एमएक्स रेकॉर्ड "असू दे, अडचणीत कामाला येईल" म्हणून मोठ्या आकड्यावर तसाच ठेवला. स्पॅम पाठवणाऱ्यांना ही सवय चांगली ठाऊक आहे. ते मुद्दाम मोठ्या आकड्याच्या दाराने येतात, कारण तिथे पहारा ढिला असतो. रेकॉर्ड काढला तरी सर्व्हरचा जुना पत्ता त्यांच्या यादीत असतोच. म्हणून खऱ्या सर्व्हरला बजावून ठेवायचं की मेल घ्यायचा तो फिल्टरच्या आयपी पत्त्यांवरूनच, बाकी कुणाकडून नाही. हे न केल्यास फिल्टरचे पैसे भरूनही स्पॅम येत राहते आणि फिल्टर कामाचा नाही असा समज होतो.

३. आतला सर्व्हर फिल्टरवरच संशय घेतो. ही सगळ्यात जास्त गोंधळ घालणारी जागा, म्हणून जरा सावकाश पाहू.

मेल खरोखर त्याच माणसाचा आहे का, हे तपासायच्या मुख्य खुणा तीन. एसपीएफ ही डोमेनच्या मालकाने जाहीर केलेली यादी : माझ्या नावाचा मेल या-या सर्व्हरवरूनच येईल. डीकेआयएम हा मेलवरचा डिजिटल शिक्का. मजकुरात कुणी हात घातला तर तो तुटतो. आणि डीमार्क ही मालकाची सूचना : माझ्या नावाचा मेल या दोन्हीपैकी एकाही खुणेवर खरा ठरला नाही तर तो तसाच जाऊ द्या, वेगळा ठेवा किंवा परत पाठवा.

आता तुमच्या बँकेने मेल पाठवला. फिल्टरने तपासला, सगळं बरोबर निघालं, पुढे पाठवला. आतल्या सर्व्हरने पाहिलं तर मेल बँकेच्या नावाचा, पण हातात आणून देणारा सर्व्हर फिल्टरचा. बँकेच्या यादीत फिल्टरचं नाव कुठून असणार? एसपीएफ नापास. तरी डीकेआयएमचा शिक्का शाबूत असला तर निभावतं. पण फिल्टरने विषयाच्या सुरुवातीला "स्पॅम असू शकते" असं जोडलं, किंवा मेलखाली "बाहेरून आलेला मेल" अशी ओळ चिकटवली, तर शिक्काही तुटू शकतो. मग खरा मेल आतल्या सर्व्हरच्या लेखी खोटा ठरतो. यात जास्त भरडले जातात ते नियम काटेकोर पाळणारेच, म्हणजे बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती. कारण "शंका आली तर परत पाठवा" अशी सूचना अशांनीच लावून ठेवलेली असते.

उपाय असा की ही तपासणी एकाच ठिकाणी, बाहेरच्या दारात व्हावी. आतल्या सर्व्हरला सांगायचं की फिल्टर हा आपला माणूस आहे, त्याच्या मागे मूळ पाठवणारा कोण होता ते पाहा. गुगल वर्कस्पेसमध्ये यासाठी "इनबाउंड गेटवे" नावाचं सेटिंग आहे, मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये "कनेक्टर" आणि त्याबरोबरचं वाढीव फिल्टरिंग. तुमच्या कंप्युटरवाल्याला हे शब्द सांगितले तरी पुरे.

४. वेबसाइटच्या सर्व्हरला वाटतं, मेल घरातलाच आहे. पुष्कळ छोट्या कंपन्यांची वेबसाइट एका होस्टिंगवर असते आणि मेल दुसरीकडे. सीपॅनेल असलेल्या होस्टिंगवर "ईमेल राउटिंग" असं एक सेटिंग असतं. ते "लोकल" राहिलं तर वेबसाइटवरच्या चौकशी फॉर्मचा मेल बाहेर पडतच नाही. सर्व्हर म्हणतो, हे डोमेन तर माझ्याकडेच आहे, आणि स्वतःजवळच्या जुन्या, कुणी न उघडणाऱ्या खोक्यात मेल टाकून मोकळा होतो. कुणाला एरर येत नाही, कुणाला मेल परत येत नाही. गिऱ्हाईक वाट पाहतं आणि निघून जातं. हे सेटिंग "रिमोट" हवं.

५. पुढे जीमेलवर फॉरवर्ड. "कंपनीच्या पत्त्यावर आलेलं सगळं माझ्या जीमेलवर टाक रे," असं सांगितलेलं असतं. सोय वाटते, पण वरच्या तिसऱ्या मुद्द्यातलाच घोळ इथे पुन्हा होतो. भरीला, फिल्टरमधून निसटलेली स्पॅमही तुमच्याच सर्व्हरच्या नावावर पुढे जाते आणि तुमच्या डोमेनची पत घसरते. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. दिवसाला ५,००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही खुणा सक्तीच्या झाल्या आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवणं आलं. छोट्या पाठवणाऱ्यांनाही किमान ओळख पटवावी लागतेच. शक्यतो फॉरवर्ड न करता मोबाइलवर कंपनीचंच खातं जोडून घ्यावं. फॉरवर्ड करायचंच असेल तर पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून पाठवण्याची एसआरएस ही सोय होस्टिंगवाल्याकडे आहे का ते विचारावं.

६. नसलेल्या माणसांची टपाल. फिल्टरला तुमच्याकडे कोणकोणते पत्ते आहेत हे माहीत नसेल तर तो कुठल्याही नावाचा मेल घेतो. आतला सर्व्हर म्हणतो, असा माणूसच नाही. मग फिल्टरला "मेल पोचला नाही" असा निरोप परत पाठवावा लागतो. स्पॅममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा चोरलेला असल्याने तो निरोप भलत्याच माणसाला जातो आणि तुमचीच गणती त्रास देणाऱ्यांत होते. म्हणून खऱ्या पत्त्यांची यादी फिल्टरला द्यावी. उलट बाजूही लक्षात ठेवावी : नवीन माणूस कामावर आला, मेलबॉक्स उघडला, पण फिल्टरच्या यादीत नाव घातलं नाही, तर त्याचा मेल दारातूनच परत जाईल.

सर्व्हर बंद पडला तर?

वीज गेली, इंटरनेट तुटलं, आतला सर्व्हर दोन दिवस बंद राहिला. अशा वेळी चांगली व्यवस्था मेल फेकून देत नाही. तो रांगेत ठेवते आणि थोड्या-थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करते. मेलच्या नियमांची शिफारस अशी की किमान चार-पाच दिवस प्रयत्न चालू ठेवावा.

इथे सर्व्हरच्या उत्तराला महत्त्व आहे. ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे "आत्ता नको, नंतर या". ५ ने सुरू होणारा म्हणजे "येऊच नका". मेलबॉक्स भरला असेल किंवा सेटिंगचं काम चालू असेल तेव्हा सर्व्हरने चुकून ५ चा कोड दिला तर रांगेत थांबणं नाही, मेल लगेच परत. बदल करायच्या दिवशी हे जरूर विचारून घ्यावं. बदल शनिवारी रात्री करावा, म्हणजे रविवार हाताशी राहतो. आणि एक दिवस आधी डोमेनच्या नोंदीची टीटीएल, म्हणजे जुनी माहिती किती वेळ धरून ठेवायची तो आकडा, कमी करून ठेवावा. नाहीतर जुन्या पत्त्यावर मेल येत राहतात.

क्वारंटाइनची किल्ली कुणाकडे?

संशयास्पद मेलचं काय करायचं याचे तीन सरळ मार्ग आहेत. पहिला, दारातच नकार द्यायचा. यात पाठवणाऱ्याला कळतं की मेल पोचला नाही आणि खरा माणूस असेल तर तो फोन करतो. दुसरा, मेल घ्यायचा पण क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या कोठडीत ठेवायचा. तिसरा, खूण करून मेलबॉक्सच्या जंक फोल्डरमध्ये टाकायचा.

चौथाही एक प्रकार चालतो आणि तो सगळ्यात वाईट : मेल घ्यायचा आणि गुपचूप नष्ट करायचा. पाठवणाऱ्याला वाटतं पोचला, तुम्हाला काहीच माहीत नाही. आपल्या सेवेत असं कुठलं सेटिंग चालू आहे का, हे लेखी विचारावं. विषाणू असलेल्या फाईलपुरतं ते एक वेळ समजू शकतं, एरवी नाही.

क्वारंटाइन ठेवायचं तर त्याची रोजची यादी मेलने यायला हवी आणि ती पाहण्याचं काम एका माणसाच्या नावावर हवं. "सगळेच पाहतात" याचा अर्थ कुणीच पाहत नाही. आणि ठरावीक दिवसांनी क्वारंटाइन आपोआप रिकामं होतं. किती दिवसांनी, ते सेवेनुसार बदलतं. दिवाळीच्या सुट्टीत ऑफिस बंद असताना काय होईल याचा विचार आधी करावा.

मराठी वाचकांसाठी इथे एक खास गोष्ट. काही फिल्टरमध्ये "आम्हाला कोणत्या भाषेतले मेल अपेक्षित आहेत" असा रकाना असतो. स्पॅमअसॅसिनमध्येही भाषा ओळखण्याची जोड आहे. तिथे फक्त इंग्रजी ठेवलं तर मराठी किंवा हिंदीतल्या साध्या पत्रालाही जास्तीचे गुण लागू शकतात. या यादीत दोन्ही भाषा घालून घ्याव्यात. बेळगाव, निपाणी, बिदर भागातल्या वाचकांनी कन्नडही.

तसंच २०१४ पासून देवनागरीत "डॉट भारत" डोमेन मिळतं आणि अशा पत्त्यांवर मेलही चालतो. मात्र त्यासाठी वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला बिगर-इंग्रजी पत्ता समजला पाहिजे. फिल्टरला समजला आणि आतल्या सर्व्हरला नाही, तर मेल दुसऱ्या टप्प्यावर परत जातो. असा पत्ता असलेलं गिऱ्हाईक तुम्ही मेल घेत नाही असं समजून बसेल.

कायद्याच्या नजरेत मेल कधी "मिळाला"?

वाणिज्य शाखेच्या माणसाला खरी धास्ती इथे वाटायला हवी.

केंद्रीय जीएसटी कायदा, २०१७ च्या कलम १६९ मध्ये नोटीस बजावण्याचे जे मार्ग दिले आहेत त्यांत नोंदणीच्या वेळी दिलेल्या ईमेल पत्त्यावर पाठवणं हा एक आहे. पोर्टलवर उपलब्ध करून देणं हा दुसरा. म्हणजे तुम्ही मेल वाचला की नाही, हा प्रश्नच तिथे नाही. आदेशाविरुद्ध अपील करायला कलम १०७ प्रमाणे आदेश कळवल्यापासून तीन महिने मिळतात. पुरेसं कारण असेल तर वर एक महिना. मेल क्वारंटाइनमध्ये पडला आणि पोर्टलही कुणी उघडलं नाही, तर ही मुदत नकळत निघून जाऊ शकते.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ चा रोखही असाच आहे. दोन्ही बाजूंचं वेगळं काही ठरलं नसेल आणि तुम्ही अमुक एक संगणक-व्यवस्था मेल घेण्यासाठी नेमली असेल, तर मेल त्या व्यवस्थेत शिरला तो क्षण मिळाल्याचा धरला जातो. फिल्टर तुम्हीच लावलेला आहे. तेव्हा "आमच्या स्पॅममध्ये पडला होता" एवढं सांगून सुटका होईल असं धरून चालू नये. प्रत्यक्ष प्रकरणात काय लागू होतं ते आपल्या सीए किंवा वकिलांना विचारावं.

इथे घरातलीच एक चूक वारंवार दिसते. जीएसटी नोंदणी करताना हिशेबनिसाचा किंवा जुन्या सल्लागाराचा ईमेल दिलेला असतो. तो माणूस गेला, मेलबॉक्स बंद झाला, किंवा डोमेन बदललं, पण पोर्टलवरचा पत्ता तोच. हे कलम सगळ्या राज्यांतल्या करदात्यांना लागू आहे, मग दुकान इंदुरात असो, जळगावात असो की बेळगावात.

हुज्जत झालीच तर नोंदी कामाला येतात. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सेवा पुरवठादार आणि कंपन्यांना आपल्या संगणक-व्यवस्थांचे लॉग १८० दिवस जपून ठेवायला सांगितलं आहे. मेल फिल्टरपर्यंत आला का, किती वाजता, पुढे कुठे दिला आणि आतल्या सर्व्हरने काय उत्तर दिलं, हे लॉगमध्ये दिसतं. हे लॉग तुम्हाला मागितल्यावर मिळतील का, हे करारातच लिहून घ्यावं.

अर्ध्या तासाची तपासणी

खालच्या गोष्टी कंप्युटरवाल्याला शेजारी बसवून एकदा करून पाहाव्यात.

• बाहेरच्या जीमेल खात्यावरून स्वतःला मेल पाठवा. आलेल्या मेलचं हेडर उघडा आणि "रिसीव्ड" ने सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचा. मधे फिल्टरचं नाव दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर मेल मागच्या दाराने आला आहे.

• आपल्या डोमेनवरच्या न-असलेल्या नावाला मेल पाठवा. "असा पत्ता नाही" असं उत्तर लगेच यायला हवं.

• जीट्यूब नावाची एक ठरावीक चाचणी ओळ मिळते. स्पॅमअसॅसिनसारखे फिल्टर तिला हटकून स्पॅम मानतात. ती मेलमध्ये टाकून पाठवा आणि मेल कुठे जाऊन पडतो ते पाहा.

• वेबसाइटवरचा चौकशी फॉर्म स्वतः भरा. पाच मिनिटांत मेल यायला हवा.

• बँक, जीएसटी आणि आयकर यांचे मागच्या महिन्यातले मेल इनबॉक्समध्ये आहेत की जंकमध्ये, ते शोधा.

• मराठीत चार ओळी लिहून बाहेरच्या खात्यावरून पाठवून पाहा.

• जीएसटी आणि आयकर पोर्टलवर नोंदवलेला ईमेल आणि मोबाइल आजही चालू आहे का ते पाहा.

आणि सेवा देणाऱ्याला चार प्रश्न : चांगला मेल तुम्ही नेमका कोणत्या सर्व्हरला देता? आमचा सर्व्हर बंद असेल तर किती दिवस ठेवता? क्वारंटाइन किती दिवसांनी रिकामं होतं? लॉग किती दिवस मिळतात? या चारांची उत्तरं कागदावर असली की निम्मी चिंता मिटते.

फिल्टर असला तरी फोन कराच

व्यवस्था कितीही चांगली असली तरी एक प्रकार तिच्यातून निसटतो. ओळखीच्या पुरवठादाराचं खरंखुरं खातं चोराच्या ताब्यात जातं आणि तिथून मेल येतो : "आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट नवीन खात्यावर करा." पत्ता खरा, तिन्ही खुणा बरोबर, म्हणून फिल्टरला संशय यायचं कारण नाही. बँक खातं बदलल्याचा मेल आला की आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करावी. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. जितकी घाई, तितकी रक्कम मधेच थांबण्याची शक्यता जास्त.

वर्षातून एकदा आपण वजनकाटा तपासून शिक्का मारून घेतो, दुकानाचा विमा नवा करतो. त्याच फेरीत डोमेनचं नूतनीकरण आणि वरची तपासणीही उरकून घ्यावी. डोमेनची मुदतच संपली तर फिल्टर, सर्व्हर, मेलबॉक्स सगळं जागेवर असूनही एकही मेल येणार नाही. आणि मुदत संपत आल्याची सूचनाही मेलनेच येते, तेव्हा ती ज्या पत्त्यावर येते तो याच डोमेनवरचा नसावा.